क्नॉससचे दोन राजवाडे

भूमध्य समुद्राच्या नकाशावर ग्रीसच्या दक्षिणेस एक लांबट, चिंचोळें बेट आडवें पडलेलें दिसतें. ग्रीस आणि आफ्रिका यांच्यामधील दारास कोणीं अडसर घालावा, तसें तें आहे. त्याचें नांव क्रीट. पूर्वपश्चिम लांबी सुमारें २६० किलोमीटर. रुंदी कोठें ६०, तर एके ठिकाणीं अवघी १२. बेटाच्या मधून डोंगरांची रांग गेलेली आहे. तींतील इडा पर्वताचें शिखर २,४५६ मीटर उंच, म्हणजे कळसूबाईपेक्षां आठशें मीटरांनीं अधिक आहे. एप्रिल महिन्यांत खालीं संत्र्यांच्या बागा मोहोराच्या वासानें घमघमत असतात आणि त्याच वेळीं वर माथ्यावर पांढरें शुभ्र बर्फ चमकत असतें. उत्तर युरोपांतील थंडीला व धुक्याला विटलेले लाखों लोक दरवर्षीं येथें सुटी घालविण्यास येतात.

त्यांपैकीं पुष्कळांना समुद्रकिनारा व ऑलिव्हच्या बागा पुरतात, आणि त्यांत वावगें कांहींच नाहीं. सुटी ही विसाव्यासाठींच असते. ज्यांचें एवढ्यानें समाधान होत नाहीं, ते हेराक्लिओन या मुख्य शहरांतून बसनें निघतात आणि पांच किलोमीटरवर क्नॉसस येथें उतरतात. ग्रीक मनुष्य या नांवांतील आरंभींचा ‘क’ स्पष्ट उच्चारतो, इंग्रज तो गिळून टाकतो. गांव ग्रीकांचें आहे, तेव्हां उच्चारहि त्यांचाच घ्यावा हें बरें.

तिकीट काढून आंत गेलें कीं पाइन वृक्षांच्या सावलींतून वाट एका फरसबंदी चौकांत येते. या झाडांतून मोर हिंडत असतात. मोर मूळचा आपल्याकडचा. दूरदेशीं अचानक गांवचा माणूस भेटावा, तशी त्याची केका कानांवर येते. चौकांत सर आर्थर इव्हान्स यांचा ब्राँझचा अर्धपुतळा आहे. नवखा प्रवासी त्याकडे ओझरतें पाहून पुढें जातो. पुढें जें दिसणार आहे त्याचा अर्धा कर्ता हाच पुरुष आहे, हें त्याला अजून ठाऊक नसतें.

पडक्या भिंती आणि उघडीं जोतीं पाहावयास मिळतील, अशी प्रवाशाची कल्पना असते. येथें तर मजल्यावर मजले उभे आहेत. तांबडेलाल खांब आहेत, वर जाड व खालीं निमुळते. रुंद जिने आहेत, छप्परें आहेत, आणि छायेंतील भिंतींवर निळ्या डॉल्फिन माशांचीं व हातीं पात्र घेऊन चाललेल्या तरुण पुरुषांचीं रंगीत चित्रें आहेत. उत्तरेच्या द्वारापाशीं खांबांच्या मागें चाल करून येणारा वृषभ भिंतीवर उठावानें काढलेला आहे. क्रीटविषयींच्या बहुतेक जाहिरातींवर हेंच चित्र असतें, आणि बहुतेक प्रवासी त्याच जागीं उभे राहून आपलेंहि छायाचित्र काढून घेतात.

हें सारें साडेतीन हजार वर्षें कसें टिकलें? उत्तर सोपें आहे. तें टिकलें नाहीं. खांब सिमेंट-काँक्रीटचे आहेत. मूळचे लांकडी खांब केव्हांच जळून व कुजून गेले. लांकडाच्या म्हणून दिसणाऱ्या तुळयाहि काँक्रीटच्याच, वर लांकडाचा रंग दिलेला. भिंतींवरील चित्रें या नकला असून अस्सल तुकडे शहरांतील संग्रहालयांत आहेत. तेव्हां क्नॉससच्या टेकडीवर एक नव्हे, दोन राजवाडे उभे आहेत. एक ख्रिस्तपूर्व दुसऱ्या सहस्रकांतला. दुसरा ख्रिस्तोत्तर विसाव्या शतकाच्या पहिल्या तिसांएक वर्षांतला. ते एकमेकांत असे मिसळले आहेत कीं, सावधपणें न पाहणारा मनुष्य दुसराच पाहून, पहिला पाहिला अशा समजुतीनें घरीं परततो. या दोहोंमधली शीव ओळखावयास शिकणें, हीच क्नॉससच्या यात्रेंतली खरी मौज आहे. आणि ती ओळखावयाची तर दुसरा राजवाडा कसा व कां उभा राहिला, हें समजून घ्यावयास हवें.

ग्रीक पुराणांत क्रीटचा राजा मिनॉस प्रसिद्ध आहे. त्याच्या राणीला बैलाचें तोंड व माणसाचें धड असलेला पुत्र झाला. त्यास कोंडून ठेवण्यासाठीं डीडॅलस नांवाच्या कारागिरानें, जींतून बाहेर पडण्याची वाट कोणास सांपडूं नये, अशी एक वास्तु बांधली. अथेन्सहून आलेल्या थीसियसनें त्या राक्षसाचा वध केला, आणि राजकन्या ॲरिअड्नी हिनें दिलेल्या सुताच्या गुंडीच्या आधारानें तो सुखरूप बाहेर आला. आपल्या अभिमन्यूला अशी गुंडी देणारें कोणी भेटलें नाहीं. होमरच्या ‘ओडिसी’ काव्यांत क्रीटमधील नव्वद नगरांचा व त्यांतल्या थोर क्नॉससचा उल्लेख आहे. परंतु एकोणिसाव्या शतकांतील विद्वानांना या सर्व कविकल्पना वाटत असत.

त्या खऱ्या ठरविण्याचा पहिला मान एका स्थानिक व्यापाऱ्याकडे जातो. योगायोग असा कीं, त्याचेंहि नांव मिनॉसच होतें. मिनॉस कालोकेरिनोस यांनीं १८७८ सालीं क्नॉससच्या टेकडीवर खणून पाहिलें आणि पुरुषभर उंचीच्या रांजणांनीं भरलेलीं कोठारें त्यांच्या हातीं लागलीं. त्या वेळीं क्रीट तुर्कांच्या अमलाखालीं होतें. वस्तु सांपडल्या तर त्या कॉन्स्टँटिनोपलला नेल्या जातील, या भीतीनें तेथील लोकांनींच खोदकाम थांबविलें. पुढें १८९८ च्या दंग्यांत कालोकेरिनोस यांचें घर जळालें व जमविलेल्या वस्तूंचा संग्रहहि त्यांत नष्ट झाला. ट्रॉय नगरीचा शोध लावणाऱ्या श्लीमानलाहि ही टेकडी घ्यावयाची होती. पण किंमतीचा सौदा जुळला नाहीं आणि १८९० सालीं तो मरण पावला. इतिहासांत जो दुसरा किंवा तिसरा येतो त्याचाच पुतळा उभा राहतो, असें पुष्कळदां घडतें.

आर्थर इव्हान्स हे ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयाचे अधिपति. १८९४ मध्यें ते क्रीटला आले ते राजवाडा शोधण्यासाठीं नव्हे, तर अक्षरें शोधण्यासाठीं. कांहीं प्राचीन मुद्रांवर कोरलेलीं चिन्हें हें लेखनच असलें पाहिजे, असा त्यांचा तर्क होता. क्रीटच्या खेड्यांतील बाळंतिणी असे कोरीव खडे गळ्यांत बांधीत. त्यांनीं दूध वाढतें असा समज होता, आणि त्यांना ‘दुधाचे खडे’ असेंच म्हणत. इव्हान्स गांवोगांव हिंडून बायकांच्या गळ्यांतील हे ताईत पाहत असत. पुढें त्यांनीं ती टेकडी हळूहळू विकत घेतली. १८९८ सालीं क्रीट स्वायत्त झालें आणि २३ मार्च १९०० रोजीं कुदळ पडली. पहिल्या आठवड्यांतच लेख कोरलेल्या मातीच्या वड्या मिळाल्या. तीन आठवडे भरतात न भरतात तों एका दालनांत भिंतीशीं टेकलेलें दगडी सिंहासन, जागच्या जागीं, जसेंच्या तसें सांपडलें. तें आजहि तेथेंच आहे. प्रवाशानें क्नॉसस येथें एकाच वस्तूसमोर रांग लावून उभें राहावयाचें ठरविलें, तर ती ही असावी. सिंहासन अस्सल आहे; त्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर बसलेले पक्षिमुखी सिंह मात्र मागाहून रंगविलेले आहेत.

राजवाड्याचा विस्तार सुमारें वीस हजार चौरस मीटरांचा. मधोमध पन्नास मीटर लांब व पंचवीस मीटर रुंद चौक, आणि त्याच्या चारी बाजूंस दालनें, कोठारें, देवघरें, जिने, आणि प्रकाश आंत येण्यासाठीं ठेवलेले छोटे उघडे चौक. आपल्याकडील जुन्या वाड्यांत वावरलेल्या माणसास ही रचना परकी वाटत नाहीं. पश्चिमेकडे एकापुढें एक अशीं अठरा अरुंद कोठारें आहेत आणि त्यांत तेलाचे व धान्याचे रांजण अद्याप उभे आहेत. सांडपाण्यासाठीं दगडी गटारें होतीं. पाण्यासाठीं भाजलेल्या मातीचे नळ होते. प्रत्येक नळ एका टोंकास निमुळता, म्हणजे तो पुढल्यांत घट्ट बसावा. गृहिणींनीं हे नळ अवश्य पाहावे.

आतां अडचण अशी होती. या वास्तूच्या भिंतींत दगडाबरोबर लांकडाच्या चौकटी घातलेल्या होत्या. वाडा जळाला तेव्हां लांकूड गेलें, आणि वरचे मजले खालच्या मजल्यांत सांचलेल्या मातीच्या व राखेच्या आधारानेंच काय ते लटकत राहिले. पूर्वेच्या उतारावरील मोठा जिना उकरतांना तर खाणींतल्याप्रमाणें बोगदे खणावे लागले. माती काढावी तर वरचें सर्व कोसळणार. न काढावी तर खालीं काय आहे तें दिसणार नाहीं. त्यांत आणखी एक संकट म्हणजे फरशा व भिंतींचे पापुद्रे ज्या दगडाचे होते तो जिप्सम. हा दगड सुंदर, दुधी, पण पावसाच्या पाण्यांत विरघळणारा. साडेतीन हजार वर्षें मातीनें जें सांभाळलें, तें उघडें पडतांच एकेका हिवाळ्याच्या पावसानें झिजूं लागलें.

इव्हान्स यांनीं प्रथम लांकडाचे टेकू दिले. ते कुजले. १९०४-०५ च्या हिवाळ्यांतील अतिवृष्टीनें मोठ्या जिन्याचा कांहीं भाग ढांसळला. मग लोखंडी तुळया आणविल्या. त्या फार महाग पडल्या. पहिल्या महायुद्धानंतर लोखंडाच्या सळया घातलेलें काँक्रीट हातीं आलें. तें स्वस्त, भक्कम, आणि हवा तो आकार घेणारें. इव्हान्स यांना वडिलार्जित संपत्ति मिळालेली होती. त्यांतील फार मोठा भाग त्यांनीं या टेकडीवर खर्च केला. २६ जून १९२६ रोजीं तेथें मोठा भूकंप झाला. तेव्हां इव्हान्स जवळच्याच आपल्या बंगल्यांत होते. हेराक्लिओनच्या संग्रहालयांतील पुष्कळ वस्तु फुटल्या, पण क्नॉसस येथील नवें बांधकाम जवळजवळ जसेंच्या तसें उभें राहिलें. आपण केलें तें योग्यच केलें, असें त्यांना या प्रसंगानें वाटलें असल्यास नवल नाहीं. मोठा जिना आज चढतां-उतरतां येतो तो या काँक्रीटमुळें. आणि त्या बांधकामाबद्दल त्यांना दोष देणें हा कृतघ्नपणा होईल.

परंतु टेकू देणें ही एक गोष्ट आणि मजला चढविणें ही दुसरी. काँक्रीट हातीं आल्यावर इव्हान्स व त्यांचे स्थापत्यविशारद पीट द यॉन्ग हे टेकूपाशीं थांबले नाहींत. जेथें वरच्या मजल्याचे केवळ चार दगड खालीं पडलेले आढळले, तेथें तर्कानें सबंध मजला उभा करण्यांत आला. एका खोलीला ‘राणीचें दालन’ हें नांव मिळालें. तेथें राणी राहत होती हें सांगणारा एक शब्दहि सांपडलेला नाहीं. चित्रांच्या बाबतींत तर कल्पनेनें याहून मोठी धांव घेतली. भिंतींवरून गळून पडलेले गिलाव्याचे तळहाताएवढे तुकडे जुळवून एमील झिलियेराँ व त्यांचा त्याच नांवाचा मुलगा या चित्रकारांनीं पूर्ण चित्रें तयार केलीं. ‘लिलींचा राजपुत्र’ म्हणून जें चित्र जगभर गाजलें, त्यांत मुकुटाचा एक तुकडा, छातीचा एक आणि पायाचा एक, एवढेंच जुनें आहे. आणि हे तुकडे एकाच व्यक्तीचे तरी आहेत कीं नाहींत, याविषयीं पुढील विद्वानांनीं गंभीर शंका घेतल्या आहेत. दुसऱ्या एका चित्रांत केशराचीं फुलें वेंचणारा निळ्या अंगाचा मुलगा दाखविला होता. पुढें ग्रीक संशोधक निकोलाओस प्लाटोन यांनीं तुकडे पुन्हां तपासले, तों त्या मुलाला शेंपूट निघालें. तो मुलगा नव्हता, वानर होता.

यावर हंसूं येतें. पण चित्र कागदावर होतें म्हणून दुरुस्त करतां आलें. काँक्रीटचा मजला चुकला तर तो कसा दुरुस्त करावा? त्याखालचा पुरावा त्यानें कायमचा झांकलेला असतो.

आपल्याकडे ‘जीर्णोद्धार’ हा पुण्याचा शब्द आहे. वेरूळचें घृष्णेश्वराचें देऊळ अठराव्या शतकांत अहल्याबाई होळकर यांनीं नव्यानें बांधविलें. त्या देवळांत नित्य पूजाअर्चा होते, तेव्हां पडकी भिंत उभारणें हें तेथें कर्तव्यच. पण तेथून हांकेच्या अंतरावर कैलास लेणें आहे. त्यांतील एखाद्या मूर्तीचा तुटलेला हात नवा करून बसवावा, असें कोणाच्या मनांत येत नाहीं. देऊळ नांदतें आहे. लेणें हा पुरावा आहे. नांदत्या घराचा जीर्णोद्धार करावा, पुराव्याचें जतन करावें, असा हा साधा भेद आहे, आणि क्नॉसस येथें नेमका तोच पुसला गेला.

विशेष हें कीं, हा भेद ज्यांनीं हिंदुस्थानांत नियम म्हणून घालून दिला, ते सर जॉन मार्शल तरुणपणीं क्रीटमधल्याच उत्खननांत काम करून आलेले होते. १९०२ मध्यें लॉर्ड कर्झन यांनीं त्यांना पुराणवस्तुसंशोधन खात्याचे प्रमुख नेमिलें. मोहेंजोदडो व हडप्पा येथील संस्कृति १९२४ सालीं जगापुढें मांडली ती त्यांनींच. १९२३ सालीं त्यांनीं प्राचीन वास्तूंच्या रक्षणाविषयीं एक नियमपुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत, पडलेला भाग नव्यानें घडवूं नये, असलेला टिकवावा, याच गोष्टीवर भर आहे. म्हणजे ज्या सुमारास क्नॉसस येथें काँक्रीटचे मजले चढत होते, त्याच सुमारास क्रीटमध्यें धडे घेतलेला एक शिष्य हिंदुस्थानांत नेमका उलट पाठ देत होता. तथापि आपल्याकडे सर्वत्र त्याप्रमाणेंच घडलें असें नाहीं. अजिंठ्याचीं लेणीं त्या काळीं निजामाच्या राज्यांत होतीं. १९२० च्या सुमारास तेथें इटलीहून कुशल कारागीर आणविले गेले. त्यांनीं भिंतींपासून सुटत चाललेले पापुद्रे पुन्हां चिकटवून पुष्कळ चित्रें वांचविलीं, हें खरें. पण चित्रांवर जो लाखेचा रोगण चढविला तो कालांतरानें पिवळा व काळसर पडला, आणि तो उतरविण्याचें काम पुढील पिढ्यांच्या गळ्यांत आलें. तेव्हां इव्हान्स यांस नांवें ठेवतांना आपला हात जरा आखडता घ्यावा.

काळानें आणखी एक चमत्कारिक गोष्ट केली आहे. इव्हान्स यांच्या काँक्रीटला आतां शंभरएक वर्षें होत आलीं. त्याच्या आंतल्या सळया गंजल्या, काँक्रीटला तडे गेले, आणि हल्लीं त्या नव्या राजवाड्याचीच डागडुजी करावी लागते. तोहि आतां इतिहासाचा भाग ठरला आहे. पाडावा म्हटलें तरी पाडतां येत नाहीं. १९२५ च्या सुमारास टेकडीवर कामगार सिमेंट कालवीत होते. जुलै २०२५ मध्यें युनेस्कोनें क्नॉसस व क्रीटमधील आणखी पांच राजवाडे जागतिक वारशांत दाखल केले.

क्नॉसस पाहून झाल्यावर, किंवा शक्य तर आदल्या दिवशींच, हेराक्लिओनचें संग्रहालय पाहावें. तेथें बैलावरून कोलांटी मारणाऱ्या युवकाचें प्रसिद्ध भित्तिचित्र आहे. त्यासमोर दोन पावलें पुढें जाऊन पाहिलें कीं अस्सल तुकडे कोणते आणि मधली भर कोणती, हें डोळ्यांना स्पष्ट दिसतें. दोन्हींमधील शीव येथें झांकलेली नाहीं. ही नजर एकदां बसली कीं क्नॉसस येथील भिंतींवरहि ती चालूं लागते. सिमेंटाचा गुळगुळीत करडा रंग कोठें संपतो, जिप्समचा पाण्यानें खाल्लेला दगड कोठें सुरू होतो, हें शोधण्यांत लहान मुलेंहि रमतात.

याच संग्रहालयांत मातीच्या त्या वड्या आहेत. त्या कच्च्या मातीच्याच होत्या; राजवाडा ज्या आगींत जळाला त्याच आगींत त्या भाजल्या गेल्या आणि म्हणून उरल्या. त्यांवरील लिपीस इव्हान्स यांनीं ‘रेखालिपि ब’ असें नांव दिलें. याहून जुनी ती ‘रेखालिपि अ’. जन्मभर प्रयत्न करूनहि त्यांना दोन्ही वाचतां आल्या नाहींत, आणि यांतील भाषा ग्रीक नव्हे अशी त्यांची पक्की समजूत होती. १९३६ सालीं लंडनच्या एका प्रदर्शनांत वृद्ध इव्हान्स यांची गांठ पडलेल्या शाळकरी मुलांत मायकेल व्हेन्ट्रिस नांवाचा चौदा वर्षांचा मुलगा होता. तो पुढें वास्तुशिल्पज्ञ झाला, पण त्या लिपीचा नाद त्याला सुटला नाहीं. १ जुलै १९५२ रोजीं त्यानें आपला शोध प्रथम जगाला सांगितला तो बी. बी. सी.च्या नभोवाणीवरून. ‘रेखालिपि ब’ मधील भाषा ग्रीकच आहे, ग्रीकचें अतिप्राचीन रूप आहे, असें त्या भाषणांत त्यानें जाहीर केलें. इव्हान्स ११ जुलै १९४१ रोजींच निवर्तले होते.

वाचलेल्या वड्यांत काव्य निघालें नाहीं, प्रार्थना निघाल्या नाहींत, मिनॉसचें नांवहि निघालें नाहीं. निघाला तो हिशेब. कोणाकडे किती मेंढ्या, किती लोंकर, किती तेल, किती धान्य. एकट्या क्नॉससच्या वड्यांत सुमारें एक लाख मेंढ्यांची नोंद आहे. म्हणजे शेवटच्या काळांत तरी या राजवाड्यांत ग्रीक बोलणारे अधिकारी बसून वसुली लिहीत होते, आणि क्रीटनें ग्रीसवर राज्य केलें हा इव्हान्स यांचा आवडता सिद्धांत निदान त्या काळापुरता उलटा झाला. त्याआधींच्या, खऱ्या क्रीटवासीयांची भाषा ‘रेखालिपि अ’ मध्यें आहे, आणि ती आजहि कोणास वाचतां आलेली नाहीं. ते स्वतःला काय म्हणवीत, हें आपणांस ठाऊक नाहीं. ‘मिनोअन’ हें नांव त्यांचें नव्हे. तें इव्हान्स यांनीं रूढ केलें.

जवळ आणखी एक दिवस असेल तर तो फायस्टॉससाठीं राखून ठेवावा. हेराक्लिओनपासून दक्षिणेस सुमारें साठ किलोमीटरांवर तो राजवाडा आहे. वाटेंत गॉर्टिन लागतें. तेथें ख्रिस्तपूर्व पांचव्या शतकांतील कायदा भिंतीवर बारा स्तंभांत कोरलेला आहे. त्याची एक ओळ उजवीकडून डावीकडे, तर पुढची डावीकडून उजवीकडे जाते. नांगर बांधाशीं पोंचला कीं बैल वळतात, तशी ओळ वळते. वारसा, लग्न, घटस्फोट झाल्यास बायकोनें काय न्यावें, असे घरगुती प्रश्न त्यांत सोडविलेले आहेत. अर्धा तास तेथें थांबणें वायां जात नाहीं.

फायस्टॉस येथें उत्खनन केलें तें इटालियन संशोधकांनीं, क्नॉससच्याच वर्षीं, म्हणजे १९०० मध्यें. त्यांनीं काँक्रीटचे मजले चढविले नाहींत. त्यामुळें येथें गर्दी कमी असते, आणि क्नॉसस पाहून आलेल्या कित्येकांना प्रथम थोडा विरसहि वाटतो. तांबडे खांब नाहींत. खांब जेथें होते तेथें दगडाच्या गोल चकत्या जमिनींत बसविलेल्या आहेत. भिंती गुडघ्याएवढ्या, कोठें कंबरेएवढ्या. चौक मात्र पूर्वींच्या फरशीसह उघडा पडलेला. १९०८ मध्यें लुइजी पर्निये यांना सांपडलेली सोळा सेंटिमीटर व्यासाची प्रसिद्ध मातीची तबकडी येथलीच. तिच्या दोन्ही बाजूंवर गोलगोल फिरत जाणारीं २४१ चिन्हें ठशांनीं उमटविलेलीं आहेत, आणि त्यांचाहि अर्थ आजवर लागलेला नाहीं.

परंतु पश्चिमेकडील रुंद पायऱ्यांवर पांच मिनिटें बसलें कीं डोळे हळूहळू स्वतःच काम करूं लागतात. या चकतीवर खांब होता, या उंबरठ्यावर दार होतें, येथून उजेड येत असावा. जें मनांत उभें राहतें तें खरें असेलच असें नाहीं. पण तें चुकलें तर पुसून टाकतां येतें, आणि खालचा दगड जसाच्या तसा राहतो. उत्तरेस इडा पर्वत दिसतो. त्याच्या खांद्यावर एक काळा ठिपका आहे. ती कामारेस नांवाची गुहा. दक्षिणेस मेसाराचें सपाट मैदान, ऑलिव्हच्या झाडांनीं भरलेलें. त्या मैदानांतलें तेल आणि धान्य या राजवाड्यांतील रांजणांत येत असे, आणि त्या मैदानांत आजहि ऑलिव्हचेंच पीक निघतें.

येथें यावयाचें तें एप्रिल-मे मध्यें, नाहीं तर सप्टेंबर-ऑक्टोबरांत. भर उन्हाळ्यांत दगड तापतात आणि क्नॉसस येथें माणसांच्या गर्दींत सिंहासनहि नीट दिसत नाहीं. तेथें दार उघडतांच सकाळीं आंत जावें. पायांत टांचा नसलेले जोडे, डोक्यावर टोपी आणि जवळ पाणी असावें. फायस्टॉसकडे जाणाऱ्या बसेस थोड्या असतात, तेव्हां परतीच्या गाडीची वेळ उतरतांनाच विचारून ठेवावी.